‘केबलमध्ये चुना भरला’ या अभिप्रायास आमचे उत्तर

सप्रेम नमस्कार.

ऐन एप्रिलमध्ये बोअरची मोटार बंद पडून आपल्या मोसंबीच्या बागेचे पाणी तुटले, याबद्दल आम्ही मनापासून दिलगीर आहोत. परंतु मोटारीला जोडलेल्या आमच्या थ्री-कोअर फ्लॅट, म्हणजे तीन तारांच्या चपट्या, केबलमध्ये ‘चुना भरून शेतकऱ्याला लुबाडले’ असे लिहून आपण एकच तारा (स्टार) दिला आणि पुरावा म्हणून जाळलेल्या तुकड्याच्या पांढऱ्या राखेचा फोटो टाकला, हे आम्हाला फार लागले. जालन्यातला आमचा लहान कारखाना शेतकऱ्यांच्या विश्वासावरच चालतो, म्हणून सविस्तर लिहावे लागत आहे.

पीव्हीसीची केबल सहसा कोणाचीही जाळली तरी पांढरी राख उरते, कारण त्यात खनिज भुकटी, म्हणजे फिलर, घातलेलेच असते. कोणते फिलर आणि किती, हा खरा प्रश्न आहे आणि तो राखेच्या रंगावरून सुटत नाही. तांब्यालगतच्या इन्सुलेशनमध्ये आम्ही कॅल्साइन्ड क्ले, म्हणजे भाजलेली चिनी माती, वापरतो. पीव्हीसी मऊ राहावे म्हणून प्लास्टिसायझर मिसळला की त्यातील आयन, म्हणजे विद्युतभार असलेले कण, मोकळे फिरू लागतात आणि विद्युतरोध घटतो. ही माती ते आयन आपल्या पृष्ठभागावर धरून ठेवते आणि रोध वाढवते. साध्या कॅल्शियम कार्बोनेटपेक्षा, म्हणजे चुनखडीच्या भुकटीपेक्षा, ती महाग पडते. पैसे वाचवायचे असते, तर आम्ही ती घेतलीच नसती.

बाहेरच्या आवरणात मात्र स्टिअरिक आम्लाचा लेप दिलेले कॅल्शियम कार्बोनेट असते, त्याने आवरणाला कडकपणा येतो. ते प्रमाणाबाहेर गेले तर नुकसान होते, हे आम्हीच गिऱ्हाइकांना सांगत असतो: आवरण ताणले जाण्याऐवजी लवकर तुटते आणि दुमडून दाबले की वाकावर पांढरी रेघ उमटते. आयएस ५८३१ या केबलच्या पीव्हीसीसाठीच्या भारतीय मानकाप्रमाणे टाइप ए प्रकारचे इन्सुलेशन तुटण्यापूर्वी किमान १५० टक्के ताणले गेले पाहिजे. भुकटी कोंबलेला माल तिथेच उघडा पडतो. सोललेला तुकडा ग्लासात बुडाला, म्हणून त्यात दगडाची पूड आहे, असेही आपण लिहिले आहे. निव्वळ पीव्हीसीची घनता पाण्याच्या सुमारे १.४ पट असते, त्यामुळे फिलर नसले तरी ते बुडणारच. ठिबकची नळी तरंगते, कारण ती पॉलिथिनची असते.

राहिली आपण लिहिलेली मेगरच्या, म्हणजे इन्सुलेशनचा विद्युतरोध मोजणाऱ्या यंत्राच्या, शून्य वाचनाची गोष्ट. ते वाचन जॉइंटसह घेतलेले होते आणि तो जॉइंट आपल्या वायरमनने साध्या काळ्या टेपने गुंडाळून पाण्यात सोडला होता. जॉइंट कापून वेगळा केल्यावर त्याच केबलचे वाचन आपल्यासमोर चांगले आले, त्याचा मात्र अभिप्रायात एका शब्दानेही उल्लेख नाही.

यापुढे पाण्यात चालणारे जॉइंट किट दुकानात ठेवण्याचा आणि जमेल तसा बिलासोबत चाचणीचा कागद देण्याचा आमचा विचार आहे. उरलेली केबल घेऊन कधीही कारखान्यात यावे. आम्ही ती आपल्यासमोर ताणून आणि मेगर लावून दाखवू, त्यासाठी काहीही आकारणार नाही.

आपला नम्र,
कारखान्याचा मालक