डझन आणि द्वादश
'डझन हा अस्सल इंग्रजी शब्द' असं एका लेखात म्हटलंय, ते पटलं नाही. इंग्रजीने तो जुन्या फ्रेंचमधून घेतला. फ्रेंचमध्ये 'दूझ' म्हणजे बारा आणि 'दूझेन' म्हणजे बारांचा गट. त्याच्याही मागे लॅटिन 'दुओदेकिम': दुओ म्हणजे दोन, देकेम म्हणजे दहा. आता शेजारी संस्कृत 'द्वादश' ठेवून बघा. घडण तीच, मूळही एकच! आपलं 'बारा' त्याच द्वादशातून प्राकृतात झिजत झिजत आलेलं. म्हणजे आंबेवाल्याला 'डझनाला कसे दिले?' असं विचारतो तेव्हा आपण बाराच्याच लांबच्या भावंडाला हाक मारत असतो. मला याचं फार अप्रूप वाटतं.

बाराच का, तर वाटणीला सोपं. निम्मे सहा, तिघांत चार-चार, चौघांत तीन-तीन. दहाचे चौघांत वाटे करायला गेलं की फळ कापावं लागतं. माझी आजी अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरवत मोजायची. चार बोटं, प्रत्येकी तीन पेरं, एका हातावर बरोब्बर डझन. घाऊक बाजारातला 'ग्रोस' म्हणजे बारा डझन, १४४ नग. तोही फ्रेंचच, 'मोठा डझन' या अर्थाचा.