यांच्या घराला अर्थिंग नाही

“यांच्या घराला अर्थिंगच नाही!”

गेल्याच्या गेल्या शुक्रवारी, ऐन बाजाराच्या दिवशी, म्हापशातल्या एका इलेक्ट्रिकच्या दुकानात हे वाक्य माझ्याबद्दल खणखणीत आवाजात बोललं गेलं. बोलणाऱ्या काकांनी माझं घर कधी पाहिलेलं नाही. मलाही ते नुकतेच पाहत होते. तरीही दुकानातली सगळी गिऱ्हाइकं वळून माझ्याकडे अशी बघायला लागली, जणू लग्नाच्या बैठकीत नवऱ्यामुलाचं कर्ज उघडं पडलं.

विषय होता विजेवरच्या गाडीच्या चार्जरचा. गाडी सेकंडहँड घेतली. विकणाऱ्याने दोन्ही चाव्या दिल्या, डॅशबोर्डावरचा छोटा गणपतीसुद्धा दिला, चार्जर तेवढा “सापडला की पाठवतो” म्हणाला. तो अजून शोधतोय. मग आपणच एक पोर्टेबल चार्जर घ्यावा असं ठरलं. “त्यात काय, मोबाईलसारखा प्लग लावायचा आणि झोपायचं,” असं मला गाडी घेताना दहा जणांनी सांगितलं होतं. असं सांगणाऱ्या सगळ्यांच्या गाड्या पेट्रोलवर चालतात.

दुकानातल्या पोराने दोन खोकी पुढे ठेवली. दोन्ही पोर्टेबल म्हणे. एक ३.३ किलोवॅटचा, घरातल्या १५ ॲम्पियरच्या मोठ्या तीन पिनी सॉकेटला लागणारा. दुसरा ७.२ किलोवॅटचा. त्याला ३२ ॲम्पियर लागतात, म्हणजे वेगळी जाड वायर, वेगळा एमसीबी, म्हणजे भार जास्त झाला की आपोआप तुटणारा स्विच, आणि मंजूर भार वाढवून घेण्यासाठी वीज कार्यालयात अर्ज. एवढं सगळं भिंतीला ठोकून झाल्यावर त्यातलं पोर्टेबल काय उरतं, असं मी विचारलं. तो म्हणाला, “पिशवी येते ना बरोबर.”

पहिल्या खोक्यावर ‘आयपी ६७’ छापलेलं होतं. म्हणजे मीटरभर पाण्यात अर्धा तास बुडाला तरी आत पाणी जात नाही. गोव्यात वर्षाला सरासरी ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तेव्हा हे वाचून बरं वाटलं. पण बुडायला तयार आहे तो मधला डबा. भिंतीत खुपसायचा तीन पिनी प्लग काही बुडायला तयार नाही, आणि आमच्या सोप्यावर पावसाचं झोडप येतं ते नेमकं त्या भिंतीवर. हे मी पोराला समजावत होतो, तेवढ्यात त्याने मूळ प्रश्न विचारला, गळलेली वीज जमिनीत नेणाऱ्या वायरचा.

“अर्थिंग आसा मरे घरात?”

“असणारच. घर आहे ते.”

इथे काका मध्ये पडले. हाफ पँट, बटणं उघडी, एका हातात मयडे गावच्या नामांकित केळ्यांची पिशवी, दुसऱ्या हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेला पंख्याचा जुना कंडेन्सर. ‘असलाच दे, अडीचचा’ म्हणून ते आले होते. ते काम एका मिनिटाचं होतं. पण त्यांना वेळ होता.

“घर जुनं?”

“आजोबांनी बांधलेलं.”

“चिऱ्याचं?”

“हो.”

“मेन स्विचकडे फ्यूजचे कटआउट चिनीमातीचे?”

“एक-दोन आहेत अजून.”

काकांनी कंडेन्सर काउंटरवर ठेवला आणि दुकानाकडे तोंड करून ते सुरुवातीचं वाक्य जाहीर केलं.

मी म्हटलं, “अहो, पण फ्रिज चालतो, वॉशिंग मशीन चालतं, गीझर चालतो.”

“गीझर किती वेळ चालतो? पाणी तापलं की आपला आपण बंद पडतो. ही तुमची बया रात्रभर ओढणार!”

इथवर काका बरोबर होते आणि मला ते जास्त झोंबलं. इस्त्री, गीझर वगैरे मंडळी घडीभर वीज खाऊन गप्प होतात. गाडीची ३० युनिटची बॅटरी रिकामी असेल तर ३.३ किलोवॅटने भरायला नऊ-दहा तास लागतात, आणि तेवढा सगळा वेळ सॉकेटमधून चौदा-पंधरा ॲम्पियर वाहत असतात. सॉकेट जरा सैल असलं की पिना तापतात, काळ्या पडतात, प्लास्टिक वितळतं. हे गाडी विकताना कोणी सांगत नाही. शोरूमवाला सांगत नाही, दलाल सांगत नाही. सांगतात कोण, तर कंडेन्सर घ्यायला आलेले काका.

पण ते तेवढ्यावर थांबले असते तर मी त्यांचे आभार मानले असते.

“थांबा. माझा पुतण्या बोटीवर इलेक्ट्रिशियन आहे.” आणि काकांनी व्हिडिओ कॉल लावला.

गोव्यात कोणत्याही प्रश्नाचं उत्तर बोटीवर असतं. फ्रिज कुठला घ्यावा, गुडघ्याला काय लावावं, मुलाला कुठल्या शाखेत घालावं, घरातला कोणीतरी बोटीवर असतो आणि त्याला विचारल्याशिवाय पान हलत नाही. पडद्यावर नारिंगी बॉयलरसूटमधला तरुण अवतरला. मागे एक पाइप, त्याच्या मागे निळं काहीतरी. फोन काउंटरवर वायरच्या भेंडोळ्याला टेकवून उभा केला गेला आणि मला त्याच्यासमोर आणलं गेलं.

“कोण ते, काका?”

“गिऱ्हाईक,” काका म्हणाले. दुकान त्यांचंच असल्यासारखे.

आवाज जायला-यायला वेळ लागत होता. ‘मंजूर लोड किती?’ याचं मी उत्तर दिलं, ते पोचेपर्यंत त्याने ‘सॉकेटपासून गाडी किती लांब?’ विचारलं होतं. त्यामुळे समुद्रात असा समज झाला की माझी गाडी सॉकेटपासून तीन किलोवॅट लांब उभी असते. एव्हाना मिक्सरचं कपलर घ्यायला आलेल्या एक बाई खुर्ची ओढून बसल्या होत्या.

“न्यूट्रल आणि अर्थमध्ये किती व्होल्ट दाखवतं?”

“मोजलं नाही.”

“मोजलं नाही?” बोट म्हणाली.

“मोजलं नाही?” काका म्हणाले.

“मोजूक जाय आसलें,” कपलरवाल्या बाई म्हणाल्या.

पुतण्या जरा नरमला. “बघा, आमच्याकडे बोटीची सगळी बॉडी पोलादाची आणि ती पाण्यात. आमचं अर्थिंग म्हणजे समुद्र. तुमच्याकडे काय आहे?”

सगळं दुकान माझ्याकडे बघू लागलं. समुद्रासमोर ठेवण्यासारखं माझ्याकडे काय असणार?

“मागे भाट आहे, माडांची बाग,” मी म्हणालो. “चार माड आहेत.”

कॉल तुटला. रेंज गेली म्हणतात. मला तसं वाटत नाही.

“गाडीत एसी लागतो?” बाईंनी विचारलं. लागतो म्हटल्यावर त्यांचं समाधान झालं आणि त्या कपलर न घेताच गेल्या.

दुकानदार पोराने मग हळूच तिसरं खोकं काढलं. “हो व्हर, हा न्या. अर्थिंग नसलं तरी चालतो.” आणि इथे मात्र माझी थट्टेची हौस फिटली. चार्जरचा तो डबा आधी अर्थिंग तपासतो, ते नसेल तर लाल दिवा लावून चार्जिंग नाकारतो. नाकारणं हेच त्याचं काम. त्याला हे तपासू नकोस म्हणून गप्प बसवलेला माल उघड विकला जातो, आणि विकणाऱ्याला त्यात काही वावगं वाटत नाही. उद्या कुठे वायर सोलली आणि वीज गाडीच्या पत्र्यात उतरली, तर तिला जमिनीत जायला वायरच नाही. जुलैच्या पावसात अनवाणी दार उघडायला जाणारा माणूस हीच मग वायर. जराशी, ३० मिलिॲम्पियर, वीज गळली तरी तुटणारा आरसीसीबी स्विच तरी सगळ्यांकडे कुठे असतो? मी हे जरा चढ्या आवाजात बोललो. पोरगा म्हणाला, “लोक मागतात म्हणून ठेवतो, बाब.” लोक काय, काहीही मागतात.

काकांनी या बाबतीत माझी बाजू घेतली. मग नवा कंडेन्सर खिशात टाकला, खिसे चाचपले आणि मला म्हणाले, “दहा रुपये कमी पडतात. द्या हो, तुमचं एवढं काम केलं.” मी दिले. त्यांनी फणीतलं एक केळं मोडून माझ्या हातावर ठेवलं. मयड्याचं केळं कोणी फुकट देत नाही, तेव्हा त्यांच्या लेखी हिशेब पुरा झाला. माझ्या लेखी झालेला नाही.

चार्जर घेतला तो ३.३चाच. प्लगमध्ये तापमान ओळखणारा सेन्सर, आणि करंट कमी-जास्त करायचं बटण. पाच मीटर केबल. डबा चांगला वजनदार आहे. नुसता लोंबकळत ठेवला तर आपल्याच भाराने प्लग सॉकेटमधून उपसतो, म्हणून भिंतीत आधी हूक मारावा लागला. प्लग लावला. लाल दिवा.

इलेक्ट्रिशियन आला. त्याने मीटर लावला, मान हलवली आणि बोर्डापासून निघालेली हिरवी वायर बोटाने धरून तिच्यामागून चालत गेला. वायर खिडकीतून बाहेर पडली, न्हाणीच्या भिंतीवरून उतरली, मनीप्लांटच्या मागे गेली आणि जमिनीपासून हातभर वर हवेतच संपली. टोकाला व्यवस्थित गाठ मारलेली होती. ती कोणी मारली याचा घरात तपास चालू आहे. ही गोष्ट काकांच्या कानावर जाता कामा नये.

आता खड्डा मारायचा, त्यात तांब्याची प्लेट, मीठ, कोळसा. वरून पाणी ओतायला पाइप. “आता घातलं की मीटर चांगलाच दाखवणार,” इलेक्ट्रिशियन म्हणाला, “पावसात भिजलेल्या जमिनीत कोणाचंही अर्थिंग चांगलं असतं. खरं काय ते मे महिन्यात कळतं, चिरा सुकल्यावर.” आणि हे सगळं चवथीनंतर. चवथीपर्यंत त्याला मखरांच्या लायटिंगमधून मान वर करायला फुरसत नाही. अगोदर येतोस का विचारलं तर माझ्याकडे असा बघितला, की मीच ओशाळलो.

तोवर चार्जर डिकीत टाकून फोंड्याला जातो. सासऱ्यांचं घर नवं आहे, अर्थिंग आहे, हिरवा दिवा लागतो. जाऊन-येऊन ८० किलोमीटरच्या आसपास पडतात, म्हणजे भरलेल्या विजेतली बरीचशी ती भरायला जाण्यातच जाते. नऊ तास लागत असल्यामुळे मुक्काम करावा लागतो. सासूबाईंना लेक वारंवार येते याचा आनंद आहे. सासरे मीटरचे आकडे वहीत लिहून ठेवतात, गाडी लावताना एकदा, काढताना एकदा. बोलत काही नाहीत. परवा मात्र मी दारात चपला काढत असताना आतूनच आवाज आला, “या जावईबापू. आज किती टक्के?”