बोटं मोडायला बंदी नको

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या नेवासा तालुक्यातल्या सौंदाळा गावाने नोव्हेंबर 2024 मध्ये ग्रामसभेत ठराव केला: आईबहिणीवरून शिवी दिली की 500 रुपये दंड. इथे हाँगकाँगमध्ये चार मराठी माणसं जमली की त्यावरून अजून जुंपते. निम्मे म्हणतात, झकास! बाकीचे म्हणतात, शिवीशिवाय मराठी म्हणजे अळणी आमटी. मी ठरावाच्या बाजूने आहे, पण एका अटीवर.

इथली कॅन्टोनीज भाषा बोलणारे काही सोवळ्यातले नाहीत. आईवरची शिवी इथेही सर्रास चालते. ‘हाम गा छान’ (त्यातल्या ‘छान’वर जाऊ नका) म्हणजे तुझं अख्खं घरदार मरो, आपल्या ‘निर्वंश होवो’ची सख्खी बहीणच. ‘पुक काइ’, म्हणजे रस्त्यात पडून मर, हे तर इतकं गुळगुळीत झालंय की बस चुकली तरी तोंडातून निघतं.

पण कुणाच्या वागण्याची लाज काढायची असली की हेच लोक वेगळं भांडार उघडतात. दगाबाज म्हणजे वाडग्यातलं खाऊन वाडगाच उपडा करणारा. कार्ट्याला आई सुनावते, ‘तुला जन्म देण्यापेक्षा चा सिउचा तुकडा जन्माला घातला असता तर बरं!’ चा सिउ म्हणजे डुकराचं भाजलेलं मांस. ते निदान खाता तरी आलं असतं. वर्मी लागतं, आणि तिसऱ्या कुणाची अब्रू जात नाही. ‘खाल्ल्या घरचे वासे मोजणारा’ म्हणणाऱ्या आपल्याला हे नवं नाही.

रागाला इथे जागाही आहे. कॉजवे बे आणि वान चायच्या मधे, कॅनॉल रोडच्या उड्डाणपुलाखाली, बुटक्या स्टुलांवर म्हाताऱ्या बायका बसतात. पैसे द्यायचे, मग त्या कागदी ‘सिउ यान’ला, म्हणजे तुमच्या वाइटावर टपलेल्या नीच माणसाला, जुन्या चपलेने बडवतात. ‘तुझं डोकं ठेचते, श्वास घ्यायला जागा उरू नये!’ कागदी वाघाच्या तोंडाला डुकराची चरबी फासतात, म्हणजे तो चावणार नाही. 5-6 मार्चच्या सुमारास, चिनी पंचांगातल्या जिंगझेच्या दिवशी, तिथे रांगा लागतात.

आपल्याकडे सभ्य भाषेचा आग्रह बऱ्याचदा ज्याचं पाप उघडं पडलंय तोच धरतो. म्हणून माझी अट. आईबहिणीवर 500 काय, 1000 घ्या. पण ज्याने गावाच्या तोंडचं पाणी पळवलं त्याच्या नावाने कडाकडा बोटं मोडून ‘तुझं तळपट होवो’ म्हणणाऱ्या बाईकडून कुणी दंड मागायला गेलं, तर मी तिच्या बाजूने.