दोन्ही हात मोकळे? मग बाळाला धरलंय कोणी?

कोथरूडच्या आमच्या नव्या आयांच्या ग्रुपवर आठवडाभर बाळ अंगाला बांधून न्यायच्या कॅरियरबद्दल एक मेसेज फिरतोय: 'अंगावर पाजायला झोळीसारखा आडवा कॅरियरच घ्या. बाळ आपोआप पितं, दोन्ही हात मोकळे, खुशाल पोळ्या लाटा. वरून झाकता येतं, कोणाला कळतही नाही. टू-व्हीलरवरही चालतो.' त्याला धडाधड बदाम पडले. वाक्यं चार, चारही घातक.

आधी झोळी. खोल पिशवीसारख्या कॅरियरमध्ये बाळाची पाठ वाकते आणि हनुवटी छातीला टेकते. तान्ह्याची श्वासनलिका मऊ, मान दुमडली की ती दबते. श्वास कोंडला तरी ते रडेलच असं नाही. 2010 मध्ये अमेरिकेत अशा पिशवीवजा स्लिंग बाजारातून परत मागवल्या गेल्या त्या याच धोक्यापायी. बाळ उभं हवं, पाठीला आधार, हनुवटी छातीपासून सुटी, आणि आपण मान वाकवली की टाळूचा पापा घेता येईल इतकं वर. गुडघे ढुंगणापेक्षा उंच, कडेवर बसतं तसे.

खरा घोळ 'आपोआप' या शब्दात आहे. माझ्याकडे सुती रिंग स्लिंग आहे, म्हणजे खांद्याशी दोन कड्यांतून ओवलेलं लांब कापड. पाजायचं म्हणजे रिंग वर उचलायची, कापड सैल होतं, बाळ चार बोटं खाली येतं. मग एक हात त्याच्या मानेमागे, दुसऱ्याने स्तन धरायचा. मोकळा हात उरतो कुठे? पिऊन झालं की कापड ओढून घट्ट करायचं आणि बाळ पुन्हा वर घ्यायचं. विसरतं ते नेमकं हेच. पोट भरलेलं बाळ तिथेच झोपतं, नाक छातीत रुतलेलं, आणि आईचं लक्ष पोळीकडे. ब्रिटनमधल्या बालसुरक्षा संस्था आता स्पष्ट सांगतात की कामं करता करता कॅरियरमध्ये पाजणं धोक्याचं. चार महिन्यांच्या आतलं, कमी दिवसांचं किंवा कमी वजनाचं बाळ असेल तर जास्तच. तापल्या तव्याचं तर मी बोलतच नाही.

मग कॅरियर घ्यायचा कशाला? एकदा तुळशीबागेच्या गर्दीत प्रॅम ढकलून बघा, म्हणजे कळेल. मी बाळ बांधून फिरते, ते चुळबुळ करायला लागलं की कुठेतरी पायरीवर टेकते आणि बसून पाजते.

म्हणून दुकानात रंग नंतर बघा. बाळ अंगावर असताना कॅरियर सैल होतो का, आणि तितक्याच सहज घट्ट होतो का, हे आधी. एका बकलवाल्या कॅरियरचे पट्टे पाठीवर एकमेकांवरून जायचे. बकलपर्यंत माझा हातच पोचेना, शेवटी सासूबाईंना हाक मारली. तो परत गेला.

झाकण्याबद्दल एवढंच: बाळाचं तोंड आपल्याला सतत दिसलं पाहिजे. त्यावर ओढणी नको, आणि एप्रिलच्या उन्हात तर नकोच.

राहता राहिली टू-व्हीलर. फेब्रुवारी 2023 पासून चार वर्षांखालच्या मुलाला दुचाकीवर न्यायचं तर सेफ्टी हार्नेस, म्हणजे मुलाला चालवणाऱ्याशी बांधणारे पट्टे, लागतात, नऊ महिन्यांपुढे हेल्मेटही, आणि वेग ताशी 40 किलोमीटरच्या आत. कापडी स्लिंग म्हणजे हार्नेस नव्हे. आम्ही रिक्षाने जातो. तिसरा रिक्षावाला सहसा 'हो' म्हणतो.