खिशातला बर्फ आणि डब्यातल्या गारा : एका प्रतिक्रियेला उत्तर

सर, नमस्कार.

पुरस्कार मिळालेली मुलांची पुस्तकं आणि त्यांवर माझ्या तिसरी-चौथीच्या वर्गात केलेले उपक्रम, याबद्दल मी मागच्या आठवड्यात लिहिलं होतं. त्यावर तुम्ही लिहिलंत : "ताई, पुरस्कार मोठी माणसं ठरवतात. मुलांना विचारतं कोण? त्यात तुम्ही अमेरिकेतल्या बर्फाचं पुस्तक द्राक्षपट्ट्यातल्या पोरांपुढे धरता. आपल्याकडे काय पुस्तकांचा दुष्काळ पडलाय? आणि गोष्ट संपली रे संपली की ठसे काढा, तक्ता भरा. ऐकू द्या की त्यांना निवांत."

तुम्ही केंद्रप्रमुख होतात, कितीतरी वर्ग जवळून पाहिलेत. म्हणून 'धन्यवाद सर' एवढं लिहून मोकळं होणं मला बरं वाटेना. तुमचं काही पटलं, काही नाही. दोन्ही लिहिते.

पटलं ते आधी. दोन वर्षांपूर्वी मी एक पुस्तक वर्गात वाचलं आणि लगेच फळ्यावर दहा प्रश्न लिहिले. मुलांनी वह्या काढल्या, उत्तरं लिहिली, मी तपासली. पुढच्या आठवड्यात नवं पुस्तक हातात घेतलं, तर पुढे बसलेल्या एका मुलाने विचारलं, "मॅडम, याच्यावर चाचणी आहे का?" पुस्तक मी अजून उघडलंही नव्हतं. ते वाक्य मला फार लागलं. गोष्टीचं पुस्तक दिसल्यावर मुलाच्या मनात पहिली चाचणी येते, आणि ते त्याच्या मनात मी घातलेलं असतं. तेव्हापासून पहिल्या दिवशी मी काहीही विचारत नाही. वाचते, चित्रं दाखवते आणि पुस्तक दोरीवरच्या वाचनालयात टांगून ठेवते. ज्याला हवं तो काढून बघतो. हे टिपणात लिहायला हवं होतं. मी थेट उपक्रमांवर गेले, आणि तुम्हाला वाटलं की पुस्तक नुसतं निमित्त आहे. तसं वाटणं साहजिक होतं.

पण उपक्रमच नको, हे मला मान्य नाही. आमच्या वर्गातल्या बऱ्याच मुलांच्या घरी पाठ्यपुस्तकाशिवाय दुसरं पुस्तक नाही. एकदा ऐकलेली गोष्ट त्यांच्यापाशी राहावी, तिच्याकडे त्यांनी चार वेळा वळून यावं, यासाठी काहीतरी कारण लागतं. उपक्रम करताना मूल परत त्या पानाकडे धावत येतं का, एवढंच मी बघते. येत असेल तर उपक्रम पुस्तकाचा. येत नसेल तर तो कार्यानुभवाचा तास, तोही चांगलाच, पण त्यासाठी पुस्तक कशाला हवं?

आता ते बर्फाचं पुस्तक. एझ्रा जॅक कीट्स यांचं 'द स्नोई डे'. ते १९६२ साली आलं आणि १९६३ साली त्याला कॅल्डेकॉट पदक मिळालं. हे पदक अमेरिकन लायब्ररी असोसिएशन १९३८पासून दर वर्षी देते, आणि ते चित्रांसाठी असतं. त्याच संस्थेचं न्यूबेरी पदक त्याहून जुनं, १९२२पासूनचं, ते लेखनासाठी. हा फरक मला फार उशिरा कळला, आणि कळल्यावर वर्गातलं माझं कामच बदललं. पदक चित्रांना असेल तर मुलांना आधी बघायला वेळ द्यायचा. शब्दार्थ आणि वाक्यात उपयोग नंतर, किंवा नाहीच.

गोष्ट एवढीशी आहे. पीटर नावाचा छोटा मुलगा सकाळी उठतो तर बाहेर सगळा बर्फ. तो लाल रंगाचा बर्फातला पोशाख घालून बाहेर पडतो. पावलं आत वळवून चालतो, बाहेर वळवून चालतो, मग पाय ओढत चालतो आणि मागे उमटलेल्या रेघा बघतो. पुढे बर्फातून काहीतरी वर आलेलं त्याला सापडतं आणि त्याने एक नवी रेघ उमटते. कशाची, ते पान उलटल्यावर कळतं.

मी तिथे थांबले. दुसऱ्या वाचनाला, पहिल्या नव्हे. पहिल्या वेळी ज्यांच्या लक्षात राहिलं नव्हतं ते अंदाज करू लागले : साप, सायकलचं चाक, कुत्र्याची शेपटी. एक जण म्हणाला, "दोरी ओढत चाललाय." पान उलटलं. काठी होती. मग आम्ही मैदानात गेलो. आमच्याकडे बर्फ नाही, पण उन्हाळ्याच्या तोंडाला मैदानात घोटाभर फुफाटा असतो. मुलांनी पावलं आत वळवली, बाहेर वळवली, पाय ओढले, काठ्या ओढल्या. पाचेक मिनिटांनी एक मुलगा पळत वर्गात गेला आणि पुस्तक उघडून बसला. त्याला बघायचं होतं की पुस्तकातली काठीची रेघ पावलांच्या कुठल्या बाजूला आहे. त्याला कोणी सांगितलं नव्हतं. मला माझ्या उपक्रमांतून एवढंच हवं असतं, सर.

ठशांबद्दल तुम्ही जरा रागाने लिहिलंत, म्हणून त्याचंही सांगते. कीट्स यांनी या पुस्तकात कागद चिकटवून चित्रं केली. बर्फाच्या पाकळ्यांसाठी खोडरबरातून नक्षी कापून रंगात बुडवून ठसे उमटवले. पीटर झोपतो त्या पानाची करडी पार्श्वभूमी टूथब्रशने शाईचे शिंतोडे उडवून केली. आईच्या कपड्यांसाठी फडताळात अंथरतात तसलं मेणकापड कापलं. मी हे मुलांना आधी सांगितलं नाही. नुसतं विचारलं, "हे ठिपके कशाने केले असतील?" कोणी म्हणालं ब्रश, कोणी म्हणालं कापूस. एक मुलगी बराच वेळ पान डोळ्यांजवळ धरून बसली आणि म्हणाली, "घरी चुना मारताना उडतात तसे आहेत." दुसऱ्या दिवशी मुलांनी घरून जुने टूथब्रश आणले. भेंडीचे ठसे आपण शाळाशाळांत वर्षानुवर्षं काढतोय, मुलांना त्यात नवीन काही नव्हतं. नवीन हे होतं की छापलेलं, पदक मिळालेलं पुस्तकसुद्धा कोणीतरी हात माखून केलेलं असतं. शाईने कोपरापर्यंत माखलेली तीच मुलगी म्हणाली, "मॅडम, त्या माणसाचे पण हात असेच झाले असतील."

आता तुमचा सगळ्यात वजनदार मुद्दा : आमच्या मुलांचा आणि बर्फाचा काय संबंध.

मलाही तीच शंका होती. म्हणून वर्षभर मी ते पुस्तक वाचलं नव्हतं. पण आपण निफाडच्या बाजूचे आहोत, सर. थंडीत पारा पाच अंशांखाली गेला की द्राक्षं वाचवायला पहाटे बागेत शेकोट्या पेटवाव्या लागतात, हे इथल्या आठ वर्षांच्या मुलाला माहीत असतं. एखाद्या वर्षी पानांवरचं दव गोठलेलं त्याने बोटाने उचललेलं असतं. आणि गारा तर सगळ्यांनी पाहिल्यात.

पुस्तकात पीटर बर्फाचा एक गोळा उद्यासाठी खिशात ठेवतो आणि उबदार घरात येतो. झोपण्याआधी खिसा बघतो तर खिसा रिकामा. त्याला फार वाईट वाटतं. त्या दिवसासाठी मी परिसर अभ्यासाला जोडून बर्फ वितळण्याचा प्रयोग ठरवला होता. वाटीत बर्फाचे खडे आणून ठेवले होते, सकाळी घरून थर्मासमधून आणलेले. रिकाम्या खिशाचं पान दाखवलं आणि चौथीतली एक मुलगी हात वर न करताच बोलायला लागली. "आमच्याकडे गारा पडल्या तेव्हा मी डब्यात भरून ठेवल्या होत्या. पांढऱ्या, मोठ्या मोठ्या. आईला दाखवायला नेल्या तर आई रडायला लागली."

वर्ग गप्प झाला. कारण बऱ्याच जणांना माहीत होतं आई का रडली. छाटणीपासून जपलेला माल काढणीला आलेला असतो आणि दहा मिनिटांत घड फुटून खाली पडतात. त्या मुलीला त्या दिवशी गारा सुंदर वाटल्या होत्या. तेव्हापासून ते सुंदर वाटणंच चूक होतं असं तिच्या मनात बसलं असावं, कारण ती पुढे म्हणाली, "मी परत कधी नाही भरल्या." मी प्रयोग बाजूला ठेवला. त्या दिवशी आम्ही फक्त बोललो. एकाने सांगितलं, त्यांच्या बागेवर त्या साली प्लास्टिकचा कागद टाकला होता तरी फाटला. दुसऱ्याने सांगितलं, त्याचे बाबा त्या रात्री जेवले नाहीत. वाटीतला बर्फ वितळून गेला, कोणी पाहिला नाही.

ही गोष्ट मुलांकडून मी पाठ्यपुस्तकातल्या कुठल्याही प्रश्नाने काढू शकले नसते. ती निघाली न्यूयॉर्कच्या एका मुलाच्या खिशातून. म्हणून 'परकं पुस्तक' या शब्दाशी माझं भांडण आहे. पुस्तकातला बर्फ परका असेल, रिकामा खिसा परका नव्हता.

आणखी एक गोष्ट तुम्हाला सांगाविशी वाटते. पीटर कृष्णवर्णीय मुलगा आहे. त्या काळी अमेरिकेतल्या चित्रपुस्तकांत असा नायक जवळजवळ नसायचाच. कीट्स स्वतः गोरे, ब्रुकलिनमधल्या गरीब ज्यू घरातले. त्यांनी १९४० साली 'लाइफ' मासिकातले एका लहान कृष्णवर्णीय मुलाचे फोटो कापून ठेवले होते, आणि वीसएक वर्षांनी त्यातून पीटर झाला. बालसाहित्याच्या अभ्यासक नॅन्सी लॅरिक यांनी १९६५ साली 'सॅटर्डे रिव्ह्यू' या अमेरिकन साप्ताहिकात हिशेब मांडला : १९६२ ते १९६४ या तीन वर्षांत निघालेल्या मुलांच्या ५,२०६ पुस्तकांपैकी फक्त ३४९ पुस्तकांत एखादं तरी कृष्णवर्णीय पात्र होतं. शंभरात सातसुद्धा नाहीत. त्यांनी या पदकविजेत्या पुस्तकालाही सोडलं नाही. पीटरचा रंग चित्रात दिसतो, मग शब्दांत त्याचा उल्लेखही का नाही, असं त्यांनी विचारलं. म्हणजे पदक मिळालं म्हणून तिथेही कोणी हात जोडून गप्प बसलं नव्हतं. तुमचा पुरस्कारांवरचा संशय मला म्हणूनच आवडला.

हे वाचल्यावर मी आमच्या दोरीवरची पुस्तकं खाली उतरवून एकेक चाळली. हंगामात सुरगाणा-पेठ या आदिवासी तालुक्यांकडून बागेच्या कामाला येणाऱ्या मजुरांची मुलं माझ्या वर्गात काही महिने बसतात. त्या दोरीवर त्यांच्यासारखं घर, त्यांच्यासारखा चेहरा, त्यांची बोली असलेलं एकही पुस्तक मला सापडलं नाही. पुरस्कार मिळालेलंही नाही, न मिळालेलंही नाही. ही उणीव मला अजून भरता आलेली नाही.

मुलांना विचारतं कोण, या प्रश्नाला थोडंसं उत्तर आहे. न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीने २०२० साली आपल्या १२५व्या वर्षानिमित्त सगळ्यात जास्त वेळा घरी नेलेल्या पुस्तकांची यादी काढली. मोठ्यांची, छोट्यांची, सगळी पुस्तकं धरून. पहिलं आलं 'द स्नोई डे', ४,८५,५८३ वेळा. त्यात आईवडिलांचा हात असणारच. पण मुलाला नको असलेलं पुस्तक कुठलंही घर इतक्यांदा नेत नाही.

आपल्याकडच्या पुस्तकांबद्दल मात्र मी कमी लिहिलं, हे खरं. साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार २०१०पासून दिला जातो. मराठीत २०१४ साली तो माधुरी पुरंदरे यांना मिळाला, आणि तो एका पुस्तकासाठी नव्हता, त्यांच्या एकूण बालसाहित्यासाठी होता. त्यांचं 'बाबांच्या मिश्या' माझ्या वर्गात इतकं हाताळलं गेलंय की त्याला दोनदा पट्टी लावावी लागली. तिथेही मी एकदा चुकले होते. 'आपापल्या बाबांच्या मिशा काढा' असं सांगून बसले, आणि ज्या मुलाचे बाबा कामासाठी सहा-सहा महिने बाहेर असतात तो कोरा कागद घेऊन बसून राहिला. आता मी म्हणते, ज्यांच्या मिशा तुम्हाला आवडतात त्यांच्या काढा. त्या मुलाने नंतर बैलाला मिशा काढल्या आणि सगळ्यांना दाखवत फिरला.

पुरस्कारांची यादी मी का धरते, तेही सांगते. समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून प्राथमिक शाळेला ग्रंथालयासाठी मिळणारं अनुदान पाच हजारांच्या घरातलं असतं. तालुक्याच्या दुकानात मुलांची पुस्तकं म्हणजे बहुतेक गाईड आणि चमकदार कागदावरच्या बोधकथा. अशा वेळी कोणीतरी चार माणसांनी वाचून, भांडून निवडलेली यादी हाताशी असली तर माझे पैसे वाया जाण्याची भीती कमी होते. यादी मला दुकानाच्या दारापर्यंत नेते. पुस्तक दोरीवर टिकणार का, ते मुलंच ठरवतात.

तुमची प्रतिक्रिया वाचल्यावर गेल्या शनिवारी मी त्यांना खरंच विचारलं. आनंददायी शनिवार होता, दप्तरं नव्हती. पुन्हा एकदा वाचायचं असं कुठलं पुस्तक, ते चिठ्ठीवर लिहायला सांगितलं. सत्तावीस मुलं. 'बाबांच्या मिश्या'ला आठ, पीटरला सात. आणि बारा चिठ्ठ्या निघाल्या एका भुतांच्या गोष्टींच्या पुस्तकाला. ते कोणीतरी जत्रेतून आणून वर्गाला दिलंय, त्याला मुखपृष्ठ उरलेलं नाही, त्यामुळे लेखकाचं नावही आम्हाला माहीत नाही. तिथे तुमचं म्हणणं खरं ठरलं, सर.

येत्या शनिवारी तेच वाचणार आहे. सकाळी साडेआठला. मुलांनी सांगून ठेवलंय की खिडक्या लावायच्या आणि त्या गोष्टीवर काहीही लिहायला द्यायचं नाही, मी कबूल केलंय. तुम्ही याल का? तुमचं गाव काही लांब नाही, आणि चटईवर पुढच्या रांगेत जागा ठेवते.