क्लब विश्वचषकाचा आदर्श प्रेक्षक होऊ इच्छिणाऱ्यांस

१३ जुलै २०२५ रोजी, म्हणजे आपल्याकडे १४ जुलैची पहाट होत असताना, न्यू जर्सीतील मैदानावर चेल्सीने पॅरिस सेंट-जर्मेनचा ३-० असा पराभव केला आणि जागतिक फुटबॉल संघटना फिफाने भरवलेला ३२ संघांचा पहिला क्लब विश्वचषक संपला. ६३ सामने, अकरा शहरे, शंभर कोटी डॉलरची बक्षिसे आणि एक महिना. यापुढची स्पर्धा २०२९ साली व्हायची असल्यामुळे होतकरू प्रेक्षकांना तयारीसाठी चार वर्षे मिळाली आहेत. ही चार वर्षे वाया जाऊ नयेत, या शुद्ध हेतूने पुढील सल्ला देत आहे.

सर्वप्रथम, विजेत्यांच्या स्पर्धेत विजेते शोधण्याची खोड मोडावी. २०२४-२५ च्या हंगामात इंग्लंडची लीग लिव्हरपूलने जिंकली, स्पेनची बार्सिलोनाने आणि इटलीची नापोलीने. हे तिन्ही संघ उन्हाळ्याच्या सुट्टीवर होते आणि ऑस्ट्रियाचा साल्झबर्ग मात्र चार वर्षांच्या गुणांकनाच्या आधारे अमेरिकेत हजर होता. यजमान देशाची जागा इंटर मायामीला मिळाली. २०२४ मध्ये अमेरिकेच्या लीगचा करंडक लॉस एंजेलिस गॅलेक्सीने जिंकला होता आणि मायामीचा संघ बाद फेरीच्या पहिल्याच टप्प्यात घरी गेला होता, परंतु साखळीच्या गुणतालिकेत तो अव्वल होता आणि त्यात मेस्सी खेळतो. या दोन कारणांपैकी खरे कारण कोणते, असे विचारणारा मनुष्य आदर्श प्रेक्षक होऊ शकत नाही.

मेक्सिकोच्या लिऑनचे उदाहरण तर पाठच करून ठेवावे. हा क्लब २०२३ साली आपल्या खंडाचा विजेता झाला आणि डिसेंबर २०२४ मध्ये स्पर्धेचे गट ठरले तेव्हा एका गटात सुखाने बसलाही. पुढे मार्चमध्ये फिफाच्या ध्यानात आले की लिऑन आणि स्पर्धेतलाच दुसरा क्लब पाचुका यांचे मालक एकच आहेत. मग लिऑनला बाहेर काढण्यात आले आणि रिकाम्या जागेसाठी क्लब अमेरिका व लॉस एंजेलिस एफसी यांच्यात एक सामना खेळवण्यात आला. तो लॉस एंजेलिसने जिंकला. हा संघ कोणता, तर २०२३ च्या खंडीय अंतिम फेरीत ज्याला लिऑननेच हरवले होते तो. एका मालकाचे दोन संघ एका स्पर्धेत नसावेत हा नियम योग्यच आहे. मात्र मालक कोण आहे हे गट पाडण्यापूर्वी पाहावे असे सुचवणारा तुमचा तो आगाऊ मित्र पुढच्या वेळी सोबतीला बोलावू नये.

जुन्या आठवणी काढू नयेत. १९६० पासून २००४ पर्यंत युरोप आणि दक्षिण अमेरिका यांचे विजेते एकमेकांशी भिडत, १९८० नंतर तर जपानमध्ये एकाच सामन्यात निकाल लागे. २००५ पासून सगळ्या खंडांचे विजेते एकत्र येऊ लागले. सहा-सात संघ, दहा-बारा दिवस, आटोपशीर कारभार. त्यातच काँगोचे माझेम्बे २०१० साली आणि मोरोक्कोचे राजा कासाब्लांका २०१३ साली अंतिम फेरीत पोहोचले होते. एवढ्या स्वस्तात एवढी गंमत मिळत असेल, तर ती बंद करणे क्रमप्राप्तच होते.

‘सध्या जगज्जेता क्लब कोणता?’ हा प्रश्न लहान मुलांच्या देखत विचारू नये, कारण डिसेंबर २०२४ मध्ये फिफाने नव्याने सुरू केलेला वार्षिक आंतरखंडीय चषक रेआल माद्रिदने जिंकला आहे आणि त्यानंतर सात महिन्यांत चेल्सीही जगज्जेता झाला.

तिकीट आधी काढू नये. चेल्सी आणि फ्लुमिनेन्से यांच्या उपांत्य सामन्याचे सर्वांत स्वस्त तिकीट आधी ४७३.९० डॉलरना, म्हणजे साधारण चाळीस हजार रुपयांना होते; सामना जवळ येताच तेच १३.४० डॉलरना मिळू लागले. मायामीतील उद्घाटनाच्या सामन्यासाठी तर महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना वीस डॉलरच्या एका तिकिटावर चार तिकिटे फुकट देण्याची वेळ आली. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर तालीम संघांच्या फुटबॉल सामन्यासाठी भर उन्हात जागा धरून बसलेली गॅलरी ज्यांनी पाहिली आहे, त्यांनी ऑरलँडोतील उल्सान विरुद्ध मामेलोडी सनडाउन्स या सामन्याची चित्रे पाहणे प्रकृतीच्या दृष्टीने टाळावे. तेथे ३,४१२ प्रेक्षक होते.

आता विजेविषयी. हा भाग थोडा विस्ताराने सांगावा लागेल, कारण तो मी अंगावर काढला आहे. अमेरिकेत मैदानाच्या आसपास वीज चमकली की खेळ थांबतो, खेळाडू आत जातात, प्रेक्षकांना आडोशाला पाठवले जाते आणि शेवटच्या विजेपासून अर्धा तास मोजला जातो. त्या अर्ध्या तासात पुन्हा लखलखले की मोजणी पहिल्यापासून. २८ जूनला शार्लट येथे चेल्सी आणि बेन्फिका यांचा सामना आपल्या घड्याळाने रात्री दीड वाजता सुरू झाला. रीस जेम्सच्या फ्री किकवर चेल्सी १-० ने पुढे होता आणि ८६व्या मिनिटाला पंचांनी खेळ थांबवला. चार मिनिटे आणि भरपाईचा वेळ, इतकेच काय ते उरले होते. त्यानंतर जवळजवळ दोन तास मैदानात कोणी नव्हते.

या दोन तासांत आदर्श प्रेक्षकाने काय करावे? ज्या ॲपची मी वर्षाची वर्गणी भरली आहे (त्याचे नाव घेऊन त्याला मोठे करण्याची माझी इच्छा नाही) त्याने सुरुवातीला पावसात भिजणारी खुर्च्यांची एक रांग दाखवली. ती पुरेशी पाहून झाल्यावर केशरयुक्त वेलचीची जाहिरात लागली. ती संपली की पुन्हा तीच. आमच्याकडेही बाहेर पाऊस कोसळत होता, विजा आमच्याकडेही चमकत होत्या, आणि आमचे दिवे दोनदा जाऊन दोनदा आले तरी वेलची मात्र जागची हलली नाही. पाच वाजून गेल्यावर पडदा काळा झाला आणि त्यावर ‘तुमचे सत्र संपले आहे, कृपया पुन्हा लॉगिन करा’ असा मजकूर आला. क्रमांक टाकला. ओटीपी येईना. ‘ओटीपी पुन्हा पाठवा’ हे बटण साठ सेकंदांनी जिवंत होणार होते, ते झाले, मी दाबले, आणि मग दोन ओटीपी एकदम आले, ज्यांतला पहिला बाद झालेला होता आणि मी नेमका तोच टाकला. आत प्रवेश मिळाला तेव्हा फलक १-१ असा होता. डी मारियाने भरपाईच्या वेळेत पेनल्टीवर बरोबरी केली होती. ज्या एका क्षणासाठी माणूस रात्रभर जागतो तो क्षण मी बाद ओटीपीच्या चरणी वाहिला. पुढे अर्ध्या तासाची जादा वेळ, चेल्सीचे तीन गोल, निकाल ४-१. सामना चार तास अडतीस मिनिटे चालला. सहा वाजून गेले होते, नळाला पाणी आले होते आणि घरातली माणसे माझ्याकडे पाहून काही न बोलता बादल्या भरत होती. ॲपकडे तक्रार केली तेव्हा ‘आपल्या संयमाबद्दल आम्ही आभारी आहोत’ असे उत्तर आले.

मी असा संयम कोणाला दिला होता, हे मला अजून आठवत नाही.

विजेच्या वेळी खेळ थांबवावा यात दुमत नाही. माणसाचा जीव सामन्याहून मोठा आहे. पण जून-जुलैत अमेरिकेच्या आग्नेय भागात दुपारनंतर वादळे येतात ही बातमी काय आकाशवाणीने परवा दिली? ही शहरे, हे महिने आणि या वेळा ठरवल्या कोणी? दुपारी तीनला तिकडे सामना सुरू झाला की मध्य युरोपात रात्रीचे नऊ वाजलेले असतात, आणि नऊला तिथला गिऱ्हाईक टीव्हीसमोर बसलेला असतो. एवढ्यासाठी भर दुपारचे सामने. चेल्सीचे प्रशिक्षक मारेस्का त्या सामन्यानंतर म्हणाले की हा फुटबॉल नव्हे. जिंकलेल्या संघाचा प्रशिक्षक हे बोलतो, तेव्हा हरलेल्यांना विचारायलाच नको.

उन्हाबद्दल कुरकुर करू नये. सिनसिनाटीत डॉर्टमुंडच्या राखीव खेळाडूंनी आपल्याच संघाचा पूर्वार्ध ड्रेसिंग रूममध्ये बसून टीव्हीवर पाहिला. पासाडेनात भर दुपारी बाराला खेळून आल्यावर अ‍ॅटलेटिको माद्रिदच्या योरेन्तेने पायाची नखे दुखत असल्याचे सांगितले. हे आरामदायी फुटबॉल आहे.

मध्यंतर पंधरा मिनिटांपेक्षा अधिक नसावे असे खेळाचे नियम सांगतात. अंतिम सामन्यात गाण्याबजावण्याचा कार्यक्रम असल्याने नियमांनीही थोडा वेळ मध्यंतर घेतले.

चषकावर नाव कोरले जाण्यासाठी स्पर्धा जिंकावीच लागते, असा समज असल्यास तो काढून टाकावा. सोन्याचा मुलामा दिलेल्या, किल्लीने उघडणाऱ्या या चषकावर फिफाचे अध्यक्ष जियानी इन्फँटिनो यांचे नाव एकही सामना होण्यापूर्वी कोरलेले होते. तो चषक उंचावताना चेल्सीच्या खेळाडूंच्या घोळक्यात अमेरिकेचे राष्ट्राध्यक्षही उभे होते. पहिल्यांदा पाहणाऱ्याने ते कोणत्या जागेवर खेळतात असे विचारू नये.

आता सल्ला देणे पुरे झाले, कारण मला खरोखर राग आला आहे. स्पर्धा टाकाऊ असती तर राग आला नसता. सौदी अरेबियाच्या अल हिलालने इंग्लंडच्या मँचेस्टर सिटीला ४-३ असे हरवले. हाच अल हिलाल नोव्हेंबर २०२३ मध्ये नवी मुंबईत येऊन आपल्या मुंबई सिटीला २-० ने हरवून गेला होता, म्हणून त्या रात्री आपल्याकडच्या कित्येकांना त्या विजयात थोडा वाटा असल्यासारखे वाटले. ब्राझीलच्या बोटाफोगोने युरोपच्या विजेत्या पॅरिसला १-० ने नमवले, फ्लुमिनेन्सेने इंटर मिलानला घरी पाठवले. न्यूझीलंडच्या ऑकलंड सिटीचे हौशी खेळाडू नोकरीवरून रजा काढून आले, बायर्नकडून दहा गोल खाल्ले, आणि पुढे त्यांच्यातल्या ख्रिश्चन ग्रे या, शिक्षक होण्याचे प्रशिक्षण घेणाऱ्या बचावपटूने बोका ज्युनियर्सविरुद्ध हेडरवर गोल करून सामना १-१ असा बरोबरीत सोडवला. त्या ऑकलंडला सहभागाचे ३५.८ लाख डॉलर, आणि युरोपच्या क्लबांना केवळ हजर राहण्याचे सव्वा कोटीपासून पावणेचार कोटीहून अधिक. फिफावाल्यांनो, खंडांची स्पर्धा भरवता आणि खंडांचे भाव असे लावता?

खेळाडूंचे काय करून ठेवले आहे तुम्ही? युरोपचा हंगाम संपल्यावर त्यांना आणखी एक महिना तापलेल्या मैदानांवर पळवले. बायर्नच्या मुसियालाचा पाय याच स्पर्धेत मोडला, आणि चेल्सीच्या पोरांना १३ जुलैच्या अंतिम सामन्यानंतर जेमतेम महिनाभराने पुन्हा लीगसाठी उभे राहावे लागले. खेळाडूंची संघटना विश्रांती मागून थकली आणि तुम्ही तिचे ऐकण्याऐवजी समारंभ करत बसलात. २०२६ चा ४८ देशांचा विश्वचषकही तुम्ही याच महिन्यांत आणि मुख्यतः याच देशात ठरवलात, आणि २०२९ चा क्लब विश्वचषकसुद्धा ४८ संघांचा करण्याची चर्चा २०२५ मध्येच ऐकू येऊ लागली. लाज वाटली पाहिजे. आधी आहेत ते ३२ संघ सावलीत, वेळेवर आणि भरलेल्या मैदानांत खेळवून दाखवा, खंडाच्या खऱ्या विजेत्याला दाराबाहेर काढण्याआधी आपले कागद तपासा, आणि मग संघ वाढवण्याची भाषा करा.