‘फीचर गायब’ म्हणजे नेमकं कुठून गायब? एका वाचकाच्या टीकेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. दोन ओळींत उत्तर देणं तुमच्यावर अन्याय करणारं ठरलं असतं, म्हणून सविस्तर लिहिते आहे. इतर वाचकांना संदर्भ लागावा म्हणून तुमचं म्हणणं आधी थोडक्यात सांगते. शेअरपॉइंटमध्ये (कंपनीच्या अंतर्गत साइटसाठीचं मायक्रोसॉफ्टचं सॉफ्टवेअर) एखादं फीचर, म्हणजे साइटवर चालू-बंद करता येणारी सोय, दिसत नसेल तर पॉवरशेलमधली (आज्ञा लिहून सर्व्हर हाताळायचं साधन) एनेबल-एसपीफीचर ही आज्ञा ‘फोर्स’ लावून चालवा, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. तुम्ही ती थेट चालू साइटवर चालवली आणि विभागांच्या नावांची जी लिस्ट होती तिच्यात प्रत्येक नाव दोनदा आलं. हा पहिला आक्षेप. ‘फीचर गायब’ या एका मथळ्याखाली मी वेगवेगळे आजार एकत्र कोंबले, हा दुसरा. आणि सगळं जग क्लाउडवर गेलेलं असताना स्वतःच्या सर्व्हरवरच्या फार्मबद्दल (एकत्र चालणाऱ्या शेअरपॉइंट सर्व्हरांचा संच) कशाला लिहायचं, हा तिसरा.

पहिला आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. चूक माझी आहे, आणि त्या परिच्छेदाच्या डोक्यावर आज इशारा घातला आहे. फीचर आधीच चालू असेल तर एनेबल-एसपीफीचर नकार देते. तो नकार ही मोलाची माहिती असते: साइटच्या लेखी फीचर चालूच आहे, तेव्हा बिघाड दुसरीकडे शोधा. फोर्स लावला की हा नकार डावलला जातो आणि फीचर चालू होतानाची सगळी कामं पुन्हा होतात. त्यात फीचर रिसीव्हरमधला, म्हणजे फीचर चालू-बंद होताना आपोआप चालणारा, कोडही आला. ज्याने तो कोड लिहिला त्याने ‘ही नोंद आधीपासून आहे का’ हे तपासलं नसेल, तर नोंदी दुप्पट होणारच. तुमच्याकडे हेच झालेलं दिसतं.

आता ते निस्तरायचं कसं? लिस्टच्या व्ह्यूमध्ये ‘क्रिएटेड’ आणि ‘क्रिएटेड बाय’ हे कॉलम आणा आणि वेळेनुसार क्रम लावा. दुसऱ्या खेपेच्या नोंदी एकाच मिनिटातल्या आणि आज्ञा चालवणाऱ्या खात्याच्या नावावर सापडतील. त्या लगेच पुसू नका. दुसऱ्या एखाद्या लिस्टमधला लुकअप कॉलम (दुसरीकडच्या लिस्टमधून नाव निवडायचा कॉलम) या लिस्टकडे बघत असेल, तर मधल्या दिवसांत कुणीतरी नव्या खेपेतलं नाव निवडलेलं असू शकतं. लुकअप नाव साठवत नाही, नोंदीचा क्रमांक साठवतो. तशा ओळी आधी जुन्या नोंदींकडे वळवा, मग पुसा. आणि कृपा करून ‘फीचर बंद करून परत चालू करू या’ या वाटेला जाऊ नका. बंद होताना चालणाऱ्या कोडमध्ये काही जण लिस्टच काढून टाकतात. तो कोड वाचल्याशिवाय त्या बटणाला हात लावायचा नाही.

दुसरा आक्षेप अर्धा मान्य. आजार वेगवेगळे आहेत हे खरं, पण माणूस तक्रार घेऊन येतो तेव्हा त्याच्या तोंडी एकच वाक्य असतं: ‘दिसत नाही.’ म्हणून मथळा एक ठेवला होता. माझं खरं चुकलं ते पुढे. ‘कुठून गायब’ हा प्रश्न न विचारता मी थेट औषध सांगितलं.

फीचर म्हणजे शेवटी सर्व्हरच्या डिस्कवरचं एक फोल्डर आणि त्यातली एक एक्सएमएल फाइल. ज्याला आपण सगळे हाइव्ह म्हणतो त्या शेअरपॉइंटच्या मुख्य फोल्डरमध्ये ते असतं. २००७ च्या आवृत्तीत हाइव्हचा आकडा १२, २०१० मध्ये १४, २०१३ मध्ये १५ आणि २०१६ पासून पुढे १६. फोल्डर नुसतं तिथे असून भागत नाही, फार्मच्या कॉन्फिगरेशन डेटाबेसमध्ये त्याची नोंद व्हावी लागते. नोंद झाल्यावर ज्या पातळीसाठी ते लिहिलं आहे त्या पातळीवर ते चालू करावं लागतं: मोठ्याकडून लहानाकडे, फार्म, वेब ॲप्लिकेशन, साइट कलेक्शन (साइटचा गट) किंवा साइट. आणि इतकं सगळं होऊनही बघणाऱ्याला परवानगी नसेल तर त्याच्यापुरतं ते नाहीच, कारण शेअरपॉइंट परवानगी नसलेले मेनू आणि बटणं लपवूनच टाकतं. ‘साइट कलेक्शन फीचर्स’ ही लिंक साइटच्या मालकाला दिसत नाही, साइट कलेक्शनच्या ॲडमिनला दिसते. एवढ्या एका गोष्टीवर मी लोकांचे अख्खे दिवस वाया गेलेले पाहिले आहेत. पब्लिशिंगचं (पानं प्रसिद्ध करण्याच्या सोयीचं) उदाहरण तर नेहमीचं. साइटच्या पातळीवरचं पब्लिशिंग फीचर चालू करायला गेलं की ते अडतं, कारण साइट कलेक्शनच्या पातळीवरचं पब्लिशिंग इन्फ्रास्ट्रक्चर आधी चालू असावं लागतं. शिवाय फीचरच्या फाइलमध्ये ‘हिडन’ खरं ठेवलेलं असेल तर पडद्यावरच्या कुठल्याच यादीत ते येणार नाही, पॉवरशेलमधूनच दिसेल.

म्हणून फोर्सच्या आधी गेट-एसपीफीचर. नुसती चालवली तर फार्ममध्ये काय काय बसवलेलं आहे ते सांगते, साइटचा पत्ता दिला तर तिथे काय चालू आहे ते सांगते. दोन्ही उत्तरं शेजारी ठेवली की निम्मा शोध संपतो. पहिल्याच यादीत नाव नसेल आणि डिस्कवर फोल्डर असेल, तर इन्स्टॉल-एसपीफीचरला ‘स्कॅनफॉरफीचर्स’ जोडून चालवा. डिस्कवर आहेत पण नोंदलेली नाहीत अशी फीचर्स ती समोर आणते.

‘माझ्या मशीनवर तर दिसतं’ हे डेव्हलपरचं वाक्यही इथेच उलगडतं. व्हिज्युअल स्टुडिओमध्ये (कोड लिहायचं साधन) एफ-५ दाबलं की जुनं सोल्यूशन (फीचर्स आणि त्यांच्या फाइलींचं पॅकेज) काढणं, नवं घालणं, डिप्लॉय करणं (सर्व्हरवर पसरवणं) आणि फीचर चालू करणं ही चारही कामं तो न विचारता करतो. खऱ्या फार्मवर शेवटचं काम कुणी केलेलंच नसतं. दुसरं कारण याहून चकवणारं आहे. जुन्या सोल्यूशनमध्ये एक नवं फीचर घालून ते अपडेट-एसपीसोल्यूशनने चढवायचं, आणि मग ते नवं फीचर दिसत नाही म्हणून डोकं धरून बसायचं. ती आज्ञा फाइली बदलण्यासाठी आहे. फीचर वाढवलं किंवा वगळलं असेल, त्याची पातळी बदलली असेल, तर जुनं सोल्यूशन मागे घेऊन, काढून, नवं घालून पुन्हा डिप्लॉय करणं हाच मायक्रोसॉफ्टने सांगितलेला मार्ग आहे.

एकदा वेगळाच प्रकार बघितला होता. एका कंपनीच्या इंट्रानेटवर सुट्ट्यांचा वेब पार्ट (पानावर ठेवायचा तयार चौकोन) सकाळी दिसायचा, दुपारी चहानंतर एरर यायचा, संध्याकाळी पुन्हा दिसायचा. पुढे दोन वेब सर्व्हर होते आणि वर लोड बॅलन्सर (येणाऱ्यांना सर्व्हरांमध्ये वाटून देणारा). एका सर्व्हरवर टायमर सर्व्हिस (डिप्लॉय करण्यासारखी कामं मागे चालवणारी) बंद पडलेली असताना सोल्यूशन चढवलेलं, त्यामुळे त्या सर्व्हरवर फाइली पोचल्याच नव्हत्या. तुमची गाठ कुठल्या सर्व्हरशी पडते यावर वेब पार्टचं असणं-नसणं ठरत होतं. आपल्या मशीनच्या होस्ट्स फाइलमध्ये एकेका सर्व्हरचा आयपी पत्ता लिहून साइट उघडली तेव्हा पाच मिनिटांत उमगलं. त्याआधी तिथे दोन दिवस कोड तपासणं चाललं होतं.

आता ज्या गायब होण्याला मी सगळ्यात जास्त घाबरते त्याबद्दल, कारण मागच्या लेखात त्याला एकच ओळ दिली होती आणि ती पुरेशी नव्हती. इथे उलटं असतं: डेटाबेस म्हणतो फीचर आहे, सर्व्हर म्हणतो मी असलं काही ऐकलेलं नाही. कंटेंट डेटाबेस (साइटचा मजकूर जिथे साठतो तो) एका फार्मवरून दुसऱ्यावर नेताना हे हटकून होतं. टेस्ट-एसपीकंटेंटडेटाबेस चालवली की अहवालात ‘मिसिंगफीचर’, ‘मिसिंगसेटअपफाइल’, ‘मिसिंगवेबपार्ट’ अशा ओळी येतात आणि फीचरचा तो लांबलचक आयडी.

२०१० वरून २०१३ वर जाताना आमच्यापुढे असाच अहवाल आला. सोल्यूशन बनवणारी संस्था केव्हाच निघून गेलेली, सोर्स कोड कुणाकडे नाही. चालू फीचर्सच्या यादीतून तो आयडी जबरदस्तीने काढून टाकायचा कोड तीन ओळींचा असतो, आणि तो माझ्या पडद्यावर लिहून तयार होता. थांबले ते एका सहकाऱ्याने विचारलं म्हणून: ‘ताई, पण हे फीचर करत काय होतं?’ उत्तर माझ्याकडे नव्हतं. शोधल्यावर कळलं की गुणवत्ता विभागाच्या परिपत्रकांचं पेज लेआउट (पानाचा साचा) त्या फीचरने आणलेलं होतं. अशा फाइलीला कुणी हात लावून बदललेलं नसेल, तर डेटाबेसमध्ये तिचा फक्त पत्ता असतो आणि मजकूर सर्व्हरच्या डिस्कवर. मी ती नोंद काढली असती तर फीचरचा इशारा गप्प झाला असता, परिपत्रकांची पानं मात्र उघडली नसती. आणि मग कारण शोधायला धागाही उरला नसता.

सुटका झाली ती जुना फार्म अजून चालू होता म्हणून. सोर्स कोड हरवला तरी डिप्लॉय केलेल्या प्रत्येक डब्ल्यूएसपी पॅकेजची (सोल्यूशनच्या फाइलची) प्रत फार्म स्वतःच्या कॉन्फिगरेशन डेटाबेसमध्ये ठेवतो. गेट-एसपीफार्मने फार्म हातात घ्यायचा, त्याच्या सोल्यूशन्समधून हवं ते निवडायचं, आणि त्याच्या सोल्यूशनफाइलला सेव्हॲज सांगायचं. फाइल डिस्कवर उतरते. नव्या फार्मवर ती चढवली, अहवाल पुन्हा काढला, ओळ गेली. जुना फार्म मोडीत काढण्याआधी ही सगळी पॅकेजं उतरवून ठेवा, अगदी ‘हे आता कोण वापरतं’ असं वाटणारीसुद्धा. फीचर खरोखरच निकामी आहे असं ठरलं तर जरूर काढा, पण शेअरपॉइंटच्या ऑब्जेक्ट मॉडेलमधूनच (कोडमधून शेअरपॉइंट हाताळायचा अधिकृत मार्ग). डेटाबेसच्या फीचर्स टेबलवर थेट डिलीट चालवण्याचे सल्ले फिरत असतात. तसं केलं की मायक्रोसॉफ्टचा सपोर्ट संपतो, आणि पुढचं अपग्रेड कुठे अडेल याचा भरवसा राहत नाही.

साइट टेम्पलेटचंही (नव्या साइटसाठीच्या साच्याचंही) असंच. साइट टेम्पलेट म्हणून जतन केली की त्या वेळी चालू असलेल्या फीचर्सचे आयडी पॅकेजमध्ये जातात. दुसऱ्या फार्मवर त्यातलं एक जरी नसलं तरी साइट बनताना अडते. एंटरप्राइझ आवृत्तीतली साइट कमी सोयींच्या स्टँडर्ड किंवा फाउंडेशनवर नेताना हा अनुभव हमखास येतो. नको ती फीचर्स जतन करण्याआधीच बंद करणं हा सरळ उपाय.

तिसऱ्या आक्षेपाशी मात्र मी असहमत आहे. क्लाउडवर गेल्याने हा प्रश्न मागे राहत नाही, तो फक्त दुसऱ्या दाराने येतो. शेअरपॉइंट ऑनलाइनमध्ये ‘सेव्ह साइट ॲज टेम्पलेट’ सापडत नाही अशी तक्रार येते तेव्हा बहुधा कारण कस्टम स्क्रिप्ट (साइटवर स्वतःचा कोड चालवायची मुभा) बंद असणं हे असतं. ॲडमिनने ते चालू केलं तरी २०२४ मधल्या बदलानंतर ते २४ तासांच्या आत आपोआप पुन्हा बंद होतं, त्यामुळे ‘काल होतं, आज नाही’ हे अगदी खरं असू शकतं. सँडबॉक्स सोल्यूशनमधला (एकाच साइट कलेक्शनपुरत्या पॅकेजमधला) कोड तिथून २०१६ मध्ये गेला. २०१० पद्धतीचे वर्कफ्लो (मंजुरीसारखी आपोआप पुढे सरकणारी कामं) १ नोव्हेंबर २०२० ला बंद झाले. २०१३ पद्धतीचे वर्कफ्लो आणि जुन्या पद्धतीची ॲड-इन्स यांच्यासाठी मायक्रोसॉफ्टने २ एप्रिल २०२६ ही तारीख ठरवली. स्वतःच्या सर्व्हरवरच्या २०१६ आणि २०१९ या दोन आवृत्त्यांच्या सपोर्टची शेवटची तारीख १४ जुलै २०२६. म्हणजे फार्म सोल्यूशनवर उभ्या असलेल्या साइट हलवण्याचं काम अनेकांच्या टेबलावर येतं ते याच काळात. नेमकं काय हरवणार आहे हे हलवण्याआधी कळायला हवं, म्हणून मी फार्मबद्दल लिहिते.

आणि नव्या पद्धतीच्या एसपीएफएक्स (शेअरपॉइंट फ्रेमवर्क) पॅकेजमध्येही फीचर शिल्लक आहेच. पॅकेजच्या सेटिंगमध्ये ‘स्किपफीचरडिप्लॉयमेंट’ खरं ठेवून ते एकदम सगळ्या साइटना उपलब्ध करून दिलं, की वेब पार्ट सगळीकडे दिसतो, पण पॅकेजमधल्या फीचरने ज्या लिस्ट आणि कॉलम बनवायचे ते बनतच नाहीत. वेब पार्ट पानावर ठेवला की तो लिस्ट शोधतो आणि रिकामा राहतो. डेव्हलपर कोडमध्ये चूक शोधत बसतो. ‘कुठून गायब’ हा प्रश्न तिथेही पहिलाच आहे.

तुमच्या लिस्टकडे परत येते. त्या फीचरची पातळी साइट कलेक्शनची आहे की साइटची, हे प्रतिक्रियेत नव्हतं. साइटची असेल आणि तुम्ही आज्ञा सगळ्या उपसाइटवर फिरवली असेल, तर दुप्पट झालेल्या लिस्ट एकाहून जास्त असतील, तेव्हा प्रत्येक उपसाइट उघडून बघा. आणि मुळात ते फीचर तुम्हाला ‘दिसत नव्हतं’ म्हणजे काय दिसत नव्हतं तेही कळवा: फीचर्सच्या यादीतलं नाव, मेनूतलं बटण की पानावरचा वेब पार्ट. फोर्सने ती मूळ तक्रार मिटली का, हेही तुम्ही लिहिलेलं नाही. गेट-एसपीफीचरची दोन्ही उत्तरं, सर्व्हरची नावं आणि पत्ते खोडून, इथेच खाली टाकलीत तर आपण ती एकत्र वाचू.